रक्त थोरलीचं, ताप धाकटीला

...नाही, मला सांगा, गाय कुणाची? माझी! ताप तिला, झोप माझी उडाली, आणि ऐटीत फिरतोय कोण? तर तो मलमपट्टीवाला ड्रेसर! तुम्हाला सांगतो, गुरांच्या दवाखान्यातला तो इसम नुसता दिसला तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते!

माझ्या गाई दोन. थोरली आणि धाकटी. धाकटी गाभण, आठवा महिना, आणि तिनं चारा सोडला! अंग तापलेलं, डोळे पिवळे... डॉक्टरीणबाई आल्या, तिच्या कानामागची गोचीड चिमट्यात धरून म्हणाल्या, "ही चावली की रक्तात जंतू जातात. कुठला जंतू ते त्याची जनुकं तपासूनच कळेल. रिपोर्ट येऊ द्या." अहो बाई, औषध? "भलतंच औषध नको. रिपोर्ट येऊ द्या!" सोबतच्या ड्रेसरला रक्त घ्यायला सांगितलं आणि निघाल्या. मी बादली भरून परत येतो तर नळी भरलेली, हा हात पुसतोय! मी वर कौतुक केलं हो, काय चपळ माणूस!

चार दिवस! धाकटी बसली ती उठेना. प्रयोगशाळेत फोन केला, तर तिथली बाई नाकातून म्हणते, "काका, जंतूचा एवढासा तुकडा मिळाला तरी पुरे, यंत्रात आम्ही त्याच्या लाखो प्रती करतो." लाखो? इथं आहेत तेच आवरेनात, आणि तुम्ही आणखी करताय? "रिपोर्ट येऊ द्या ना, काका!"

आला. जंतू सापडला, इंजेक्शनं सुरू झाली, तिसऱ्या दिवशी धाकटी उठून चारा खायला लागली. मी गोठ्यात रडलो, खोटं कशाला सांगू? आणि बायको रिपोर्ट वाचत म्हणते, "अहो, हा कानातल्या बिल्ल्याचा नंबर थोरलीचा आहे."

थोरलीचा!! घेतली चप्पल, गाठला दवाखाना. तर हा शांतपणे, "धाकटी लाथा मारते, साहेब. थोरली गरीब. गोठा तर एकच ना?" अरे, माझी गाय मरत होती! उगारली चप्पल... तेवढ्यात डॉक्टरीणबाई ओरडल्या, "थांबा! थोरलीत जंतू? ती तर ठणठणीत! म्हणजे तीच इतकी वर्षं बाळगून होती, गोचिडांनी तो धाकटीत नेला. धाकटीचंच रक्त तपासलं असतं तर हे कळलंच नसतं, पुन्हा पडली असती ती आजारी!"

गरीब गाय, पोटात पाय! आणि तो ड्रेसर हसतोय... चप्पल माझी वर, सगळा दवाखाना बघतोय. काय करणार? घातली पायात, आणि दातओठ खात त्यालाच म्हणालो, "उपकार झाले, साहेब."