पाहुण्यांचं पाणी

आजी : ...डोळे मिटलेस ना? आता कल्पना कर, ठमे. लांबलचक वर्ग. वर पत्रा, भिंतींना निळा रंग, आणि बाकं अर्धी रिकामी.

ठमी : सुट्टी आहे?

आजी : नाही गं. पोटं बिघडलीत सगळ्यांची. निम्मी मुलं घरी आडवी आहेत.

ठमी : तू तिकडे परदेशात पाणी स्वच्छ करायलाच गेलीस ना? मग कर की पटकन!

आजी : तिथेच तर घोडं अडलंय. सोबत पाणी गाळायचं यंत्र आणलंय, पण एकच. ज्या शाळेचं पाणी वाईट, तिथे ते बसवायचं. काल इथलं पाणी तपासायला घेतलं. एवढीशी बाटली, आत औषधाची पूड. पाणी भरायचं आणि रात्रभर उबेत ठेवायचं. सकाळी काळं झालं, तर पाणी वाईट.

ठमी : उबेत म्हणजे कुठे?

आजी : पोटाशी बांधून झोपले.

ठमी : कोंबडीसारखी!

आजी : अगदी. कूस बदलायची चोरी.

ठमी : मग? निघालं काळं पिल्लू?

आजी : तेच ना! सकाळी बघते तर पाणी जसंच्या तसं. नितळ.

ठमी : चांगलंच झालं की.

आजी : काय चांगलं झालं? मग पोरं का आजारी पडतायत? आमचे गटप्रमुख म्हणतात, इथलं पाणी ठीक आहे, यंत्र पुढच्या शाळेला नेऊ. गाडी सुरू करून बसलेत. ऐकू येतोय हॉर्न?

ठमी : येतोय. तू कुठे आहेस?

आजी : वर्गाच्या दारात, काल उतरवून ठेवलेल्या यंत्राच्या खोक्यावर. बसलेय ठाण मांडून. बघू कसं नेतात.

ठमी : आजी! तू मला म्हणतेस हट्टी!

आजी : हसू नकोस. काहीतरी चुकतंय, पण काय ते सापडत नाही.

ठमी : बाटली तूच भरलीस ना?

आजी : नाही, एका मुलीनं. लाल रिबिनवाली, वर्गाची मॉनिटर. म्हटलं, मुलांच्या हातून होऊ दे, शिकतील. इथल्या बाईंनी तिला त्यांच्या भाषेत सांगितलं, या आजींना बाटलीत पाणी हवंय. सुटली धावत.

ठमी : लगेच आली परत?

आजी : छे, चांगला वेळ लावला. आणि टाकी तर इथे अंगणातच आहे...

ठमी : आजी, आपल्याकडे कोणी आलं की तू मला काय सांगतेस?

आजी : काय सांगते?

ठमी : "ठमे, पाहुण्यांना नळाचं देऊ नकोस, फिल्टरचं दे."

आजी : अगं बाई...

ठमी : आजी? आहेस ना?

आजी : फोन ठेवू नकोस. बाई, ओ बाई! जरा इकडे या. हिला विचारा बरं...

(थोडा वेळ फक्त हॉर्न.)

आजी : ठमे, घरी गेली होती ती! आईनं उकळून झाकून ठेवलेलं पाणी आणलं. म्हणते, टाकीतलं घाण पाणी पाहुण्यांना कसं द्यायचं?

ठमी : ओरडलीस तिला?

आजी : कोणत्या तोंडानं ओरडू? घरी तुला तेच शिकवलंय मी. पण पोरगी रडवेली झालीय. मान वर करत नाही. तिला वाटतंय, तिच्यामुळे यंत्र गेलं.

ठमी : गेलं?

आजी : अजून नाही. प्रमुख म्हणतात, टाकीचं पाणी आत्ताच्या आत्ता भरून द्या, तर उद्या सकाळपर्यंत थांबतो. एक कोरी बाटली उरलीय माझ्याकडे.

ठमी : मग भर ना! उठ!

आजी : उठलेय. खोक्यावर आता बाई बसल्यात. बाटली मी तिच्यापुढे धरलीय.

ठमी : तिच्या? आणि पुन्हा घरी पळाली तर?

आजी : सांगितलंय बाईंनी समजावून. टाकीचंच हवं, आहे तसं.

ठमी : घेतली?

आजी : बघतेय नुसती.

ठमी : आजी, ते निघून जातील! दे गं मोठ्या कुणाला तरी!

आजी : थांब जरा... घेतली.

ठमी : कुठे चाललीय?

आजी : टाकीकडे. तोटी सोडली. भरतेय. उजेडात धरून बघितलं, नाक मुरडलं.

ठमी : आली?

आजी : आली. बाटली बाहेरून फ्रॉकला स्वच्छ पुसली, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.