बूट हातात

हाडांच्या डॉक्टरकडं माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या गुडघ्याला पट्टी होती.

"यशोधरा, स्पर्धा सोडतो आता. सायकल बी अन् पळणं बी."

"कावून?"

"रोज पहाटं पालीच्या धरणाला जातो, घरासाठी वेळच न्हाई. चोरावानी बूट हातात घेऊन निघतो, तुमची झोपमोड नको म्हणून."

"आमी जाग्याच असतो."

"पिंकी बी?"

"तीच मला दाबून धरती. म्हणती, आई हलू नको, कुणी उठलं न्हाई की पप्पा खुश होऊन जातेत."

"लबाड हाय."

"तुमी आठ दिवस घरीच. तरी पाचला डोळे मिटून पडती, वाट बघत."

"कशाची?"

"तुमी जायाची."