आयेच्या फोटोचा मालक

माझं नाव नामदेव, गावात नाम्या, आन् बायको ज्या नावानं हाक मारती ते तुमी लिहू नका. गाव चाकणच्या पल्याड, राजगुरुनगरच्या अंगाला. शाळेत गेल्तो, न्हाई असं न्हाई, पन चौथीच्या मास्तरांनी आयेला बोलवून सांगितलं, बाई, हे पोरगं घरी ठेवा, ह्याच्यापायी बाकीची बिघडाया लागलीत. मंग राजगुरुनगरला एका फोटो स्टुडिओत झाडलोट केली, मंग लग्नात लाईट धरायचं काम, आन् लाईट धरता धरता एका नवरीच्या पदराला चटका लावला तवा मालकानं लाईट काढून घेतला आन् हातात कॅमेरा दिला, म्हनला, ह्यानं तरी काय पेटत न्हाई. असा मी फोटोग्राफर झालो.

पुढं लग्नाला येनारा समदा गाव मोबाईलवर फोटो काढाया लागला, मी बसलो घरी. मंग बिल्डरांचं काम लागलं. मोशी, चिखली, चाकण, जिकडं बिल्डिंग उभी राहील तिकडं सॅम्पल फ्लॅटचं फोटो काढायचं. काय सांगू तुमाला, किळस येती त्या कामाची. टेबलावर प्लास्टिकचं आंबं, कपाटात पुठ्ठ्याची पुस्तकं, चार ताटं मांडल्याली आन् नळाला पानी न्हाई. त्यातला एक आंबा मी चावला बी, खोटं कशाला सांगू, भूक लागल्ती. खिडकीतनं आभाळ दिसायचं ते धुरकाट, म्हनून फोटोत वरनं निळं आभाळ चिकटवायचं. असंच एक आभाळ मी गुगलवरनं उचललं तर रहाटणीच्या जाहिरातवाल्या साहेबानं मला झाप झाप झापलं. म्हनला, नामदेव, हे दुसऱ्याचं आभाळ हाय, लायसन घ्यावं लागतं, केस होईल. म्हनलं साहेब, आभाळाला बी मालक? म्हनला, व्हय, ज्यानं काढलं त्याचं. मी घरी येऊन हसत हसत समद्यांना सांगितलं. आये तेवढी हसली न्हाई.

आन् फोटोत मानूस नको, ह्यो पयला नियम. चप्पल, केरसुनी, म्हातारं मानूस दिसलं की फ्लॅट जुना वाटतो म्हनं. मला ती खोडच लागली. घरी बी कॅमेरा काढला की म्हनायचो, आये, जरा बाजूला सर. ती बिचारी सरायची.

एक दिवस तिला डोळं दाखवाया चाकणला न्यायचं व्हतं आन् चाकणचंच काम आलं, म्हनून तिला संगं घेऊन गेलो, अकराव्या मजल्यावर. ती म्हनली, हितं कोन ऱ्हातं रं? म्हनलं, कोनी न्हाई. मंग ताटं कुनाला मांडलीत? म्हनलं, तू गप खिडकीत बस. तर नऊवारीतच मांडी घालून बसली, लांब कंपन्यांच्या पत्र्याकडं बोट केलं, म्हनली, नाम्या, आपलं वावर त्या निळ्या पत्र्याखाली गेलं बघ. आन् हसली. कशाला हसली देवाला ठाऊक. डोळं दाखवाया चालल्याली बाई, तिला येवढं लांबचं बरं दिसलं. मी उजेड बघत व्हतो, बटन दाबलं गेलं.

साहेबानं त्यो फोटो बघितला आन् येडाच झाला, म्हनला, ह्योच पायजे, एकदम ओरिजनल आजी. झालं, आये नाशिक हायवेला होर्डिंगवर. गावातली पोरं इचारायची, आजी, कितवा मजला? ती म्हनायची, नाम्याला इचारा, त्यानंच मला तिथं नेऊन बसवलीया. लई खूश व्हती. मी बी छाती काढून फिरलो. फोटो साहेबाला दिला आन् कॅमेऱ्याचं कार्ड पुसून टाकलं, आमचं तसंच, नवं काम आलं की जुनं पुसायचं.

मंग आये गेली. च्या मागितला आन् च्या येस्तवर गेली.

आमच्याकडं मानूस गेलं की चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो. दहाव्याला पावनं येत्यात, फ्लेक्स दिसला न्हाई तर म्हनत्यात, पोरानं येवढं बी केलं न्हाई व्हय. घर धुंडाळलं. फोटोग्राफरचं घर, आन् आयेचा धड फोटो न्हाई. आधार कार्डावर एक, त्यात चोरी करताना धरल्यागत. पुतन्याच्या लग्नातल्या फोटोत निम्मा कान, कारन मीच सरकवली व्हती. ऱ्हायली मोबाईलवरची जाहिरात, त्यात तिच्या पदरावर बिल्डरचं नाव. फ्लेक्सवाला बबन म्हनला, भावा, ह्यो मोठा केला की फाटतोय, मावशीच्या तोंडाचं चौकोन चौकोन होत्यात, मूळ फोटो आन.

सुतकातच गेलो रहाटणीला. एसीत बसवलं. साहेब म्हनला, फार वाईट झालं, च्या घ्या. मंग म्हनला, फोटो देता येनार न्हाई, हक्क बिल्डरकडं हायेत. म्हनलं, साहेब, काढला मी. म्हनला, ज्यानं काम सांगितलं त्याचा फोटो, आन् तुमी व्हॉट्सॲपवर कबूल केलंय. दाखवलं की मला. विंग्रजीत हातभर मजकूर, खाली माझा अंगठा, त्यो पिवळा. माझ्या बापानं वावराच्या कागदावर अंगठा दिला तवा त्याच्या बोटाला शाई तरी लागली व्हती. म्हनलं, तुमीच म्हनला व्हता, ज्यानं काढलं त्याचं. तर म्हनला, ते आभाळाचं झालं.

म्हनलं, दहाव्यापुरता द्या, मंग फ्लेक्स काढून टाकतो. तर मान खाली घालून म्हनला, नामदेव, अडचन तीच हाय, हायवेला आजी हसत बसल्यात आन् चौकात तुमी त्यांनाच भावपूर्ण श्रद्धांजली लावनार, गिऱ्हाईक म्हनल, ह्या फ्लॅटमधी म्हातारी मेली.

मला वकारी आली. खरंच आली, जिन्यात. तिथल्या कुंडीत वकलो, तर कुंडीतलं झाड बी प्लास्टिकचं, तळाला भोक न्हाई, समदं माझ्याच पायावर. गावातल्या वकिलाला इचारलं, त्यो म्हनला, कायदा त्यांच्या बाजूनं हाय. मला त्यांच्यापरीस माझी शिसारी जास्त आली.

फ्लेक्सवर फोटोच्या जागी समई लावली. बबन म्हनला, ही कुनाची बी न्हाई, बिनधास्त लाव. दहाव्याला पावनं आलं आन् म्हनाया लागलं, समई कशाला, म्हातारी तर आत्ता हायवेला भेटली.

आता घरात फ्रेम हाय, जाहिरातीच्या पुस्तकातलं पान कापून लावलंय. रोज उदबत्ती लावतो. बिल्डरचं नाव हाराखाली झाकलं, पन खाली कोपऱ्यात बारीक अक्षरं ऱ्हायली, नात वाचून दाखवती, अटी लागू. होर्डिंग बी अजून हाय. हायवेनं जाताना गाडी बाजूला घेतो, वर बघतो, मागचा ट्रकवाला शिव्या देतो. बरोबरच हाय त्याचं.

तुमी हे समदं लिहून घेताय, ते कुनाचं व्हनार मी इचारत न्हाई, इचारून काय उपेग. देव तुमचं भलं करो. फकस्त ह्या लिहिल्याल्याची एक प्रत माझ्या घरी द्या, आन् आजच द्या, मी जिता हाय तवर.