सासूबाईंना भूक लागलीय

उविलू : ...आणि ते यंत्र माझ्या चहापासून लांब ठेवा, सासूबाई. दक्षिणेकडची वस्तू आहे, काय ओकेल सांगता येत नाही.

कौनाक : त्यात नुसती फीत फिरते. थांबा, आधी मला बोलू द्या. फेब्रुवारी, एकोणीसशे ब्याण्णव. बर्फाळ उत्तरेतल्या बाफिन बेटावरचं आमचं गाव, उविलूकाकूंचं घर. गावात कोण काय खातं ते विचारणार लोरेनबाई. त्यांना आमची भाषा येत नाही, म्हणून मधे दुभाषी मी, कौनाक.

उविलू : काकू कुणाची? चार बुकं शिकलात म्हणून सुनेला काकू म्हणायला लागलात?

लोरेन : काय म्हणतात त्या?

कौनाक : चहा घ्या म्हणतात.

लोरेन : पण तुम्हाला कसलीशी हाक मारतात. सारखी तीच.

कौनाक : सासूबाई म्हणतात. त्यांची सासू गेली आणि त्याच हिवाळ्यात मी जन्मले. तिचं नाव मला ठेवलं. आमच्यात नाव आलं की माणूसही परत आलं.

लोरेन : किती गोड.

कौनाक : गोड कसलं. दोघींचं एक दिवस पटलं नाही.

उविलू : तिला सांगा, सासूने जन्मभर माझ्या शिवणकामाला नावं ठेवली. मेली तेव्हा म्हटलं, सुटले एकदाची. तर महिन्याभरात परत हजर, लंगोटात.

लोरेन : विचारा ना, गेल्या महिन्यात सीलचं मांस किती वेळा खाल्लं?

कौनाक : सील किती वेळा खाल्लं, विचारतात.

उविलू : भूक काय मोजून लागते? हिच्या आईने हिला मोजून दूध पाजलेलं दिसतंय. लिही म्हणावं, रोज.

कौनाक : रोज, म्हणतात.

लोरेन : वा. आणि एका वेळी किती? ह्या तुकड्याएवढं, की ह्या मोठ्याएवढं?

उविलू : हे काय काढलं पिशवीतून?

कौनाक : मांसाचा नमुना. रबराचा आहे. किती खाता ते ह्यावरून सांगायचं.

उविलू : रबराचं मांस. एवढं विमानात बसून आली, आणि आणलं काय, तर रबर. आमच्याकडे पाहुणा रिकाम्या हाताने आला तरी चालतं. आमची कुत्रीसुद्धा ह्याच्याकडे बघून तोंड फिरवतील. रंग बघा त्याचा. मेलेल्या माणसाच्या हिरड्या.

लोरेन : काय म्हणाल्या?

कौनाक : मोठ्याएवढं.

उविलू : गावात यायच्या आधी शिकारीच्या छावणीत होतो तेव्हा सील फोडलं की तंबूभर वाफ व्हायची. आतासारखा जमिनीवर पुठ्ठा कसला अंथरायचा, सीलच्याच कातड्यावर वाढायचं. यकृताचा पहिला तुकडा सासूबाईंना. तेव्हा तुम्ही म्हाताऱ्या, दात उरले नव्हते. मी चावून मऊ करून तुमच्या तोंडात घालायचे, आणि गिळून झालं की तुम्ही म्हणायचात, नीट चावलं नाहीस.

कौनाक : म्हणत असेन.

उविलू : म्हणत होतात.

लोरेन : सीलशिवाय आणखी काय काय?

उविलू : लिही म्हणावं. गोठलेला मासा, कापून. कॅरिबू हरणाची जीभ. बदकाची अंडी, ताजी, घरट्यातून काढलेली, हातात ऊब लागते अशी.

कौनाक : अंडी?

उविलू : अंडी. का, शाळेत तो शब्द शिकवला नाही?

कौनाक : फेब्रुवारी चाललाय. बदकं अजून दक्षिणेत आहेत. अंडी जूनमध्ये मिळतात.

लोरेन : काही अडलं का?

कौनाक : एक शब्द अडलाय. जरा थांबा. ...पुतुगुक कुठे आहे?

उविलू : शिकारीला. दुसरीकडे कुठे असेल? माझा मुलगा आहे तो.

कौनाक : त्याचे बूट दाराशी आहेत.

उविलू : ते जुने.

कौनाक : आणि आतल्या खोलीत टीव्ही चालू आहे.

उविलू : हळू बोला. ह्या सरकारी भिंती. पलीकडे माणूस शिंकला तर इकडे नाक पुसावं लागतं.

कौनाक : त्याचा शिकारीतला जोडीदार बुडाला, तेव्हापासून गेलाच नाही ना?

उविलू : डोळ्यांदेखत बर्फाखाली गेला तो. ह्याच्या हातात नुसता हातमोजा राहिला. तेव्हापासून रोज सकाळी बूट घालतो, दारापर्यंत जातो, बूट काढतो. झालं समाधान? घाला आता ते त्या यंत्रात. उद्या गाव म्हणू दे, उविलूचा मुलगा बर्फाला भितो.

कौनाक : मग तुम्ही खाता काय?

उविलू : दुकानातलं, डब्यातलं. गुलाबी असतं. ह्या रबराचं भावंड.

कौनाक : कुणी आणून देत नाही? असं होणार नाही आपल्या गावात.

उविलू : देतात. मी परत पाठवते. आमच्याकडे भरपूर आहे म्हणते. ज्या घरात धडधाकट शिकारी आहे त्या घराने दुसऱ्याचं मांस घेतलं, तर त्याचा अर्थ काय होतो, तुम्हाला मी सांगायचा? तो आतून ऐकत असतो.

लोरेन : मग मी काय लिहू? रोज?

कौनाक : जरा थांबा म्हटलं ना. ...सूनबाई.

उविलू : काय?

कौनाक : इकडे बघ. सासू बोलतेय. मला भूक लागलीय.

उविलू : चहा आहे.

कौनाक : चहा त्या पाहुणीला दे. माझ्या भावाने सील आणलंय. उद्या मी ते इथे घेऊन येणार. तू फोडायचं, तू उकळायचं. मला ते धड जमत नाही.

उविलू : तुम्हाला कधीच जमलं नाही. दोन्ही जन्मांत.

कौनाक : म्हणूनच सांगतेय. आणि मी एकटी कधी जेवलेय? समोर बसायचं आणि माझ्याबरोबर खायचं. पुतुगुकलाही बोलाव, नातू आहे माझा.

उविलू : मेल्यावरही हुकूम सुटत नाही तुमचा.

कौनाक : जास्त शिजवलंस तर नावं ठेवीन.

उविलू : ठेवा. दुसरं येतंय काय तुम्हाला? ...आणि हे रोजचं होणार का?

कौनाक : भूक काय मोजून लागते?

उविलू : बघा, माझंच वाक्य चोरलं. यकृत आणा. नुसती हाडं आणून टाकाल.

लोरेन : काय ठरलं मग?

कौनाक : रोज खोडा. शून्य लिहा. माझ्याकडून सांगण्यात चूक झाली. आणि फीत मला द्या. घरातलं बोलणं झालंय त्यात, ते बाहेर जाणार नाही. शून्यापुढे नावही लिहू नका.

लोरेन : नाव आम्ही लिहीतच नाही.

उविलू : काय म्हणते?

कौनाक : नाव लिहीत नाहीत म्हणे.

उविलू : मग माणसं परत यायची कशी हिच्याकडे?

(वीस वर्षांनंतर. कौनाकचं स्वयंपाकघर.)

लोरेन : उविलूबाई नाहीत, हे विमानतळावर कळलं.

कौनाक : दोन हजार तीनमध्ये गेल्या. शेवटी दात नव्हते. मी चावून द्यायचे.

लोरेन : काही म्हणाल्या?

कौनाक : म्हणाल्या, नीट चावलं नाहीत.

लोरेन : आणि मुलगा?

कौनाक : पुतुगुक? मला आजी म्हणतो तो. एका वसंतात दाराशी बूट घालून म्हणाला, आजी, निघतो. आणि निघाला. सील आणून आईच्या पुढ्यात टाकलं. बाईंनी उलटंपालटं करून बघितलं, म्हणाल्या, लहान आहे. मग रात्रभर रडत होत्या. आता तो पोरांना बर्फावर नेतो, कुठला बर्फ कसा वाजतो ते शिकवतो.

लोरेन : त्या अभ्यासावर मी प्राध्यापक झाले. अहवाल पाठवला होता, मिळाला ना?

कौनाक : मिळाला. जाड होता. पुतुगुकने त्याच्यावर सील फोडलं.

लोरेन : ही तुमची मुलगी?

कौनाक : हो. त्या गेल्यानंतर झाली. उविलू.

छोटी उविलू : सासूबाई, हे काय ठेवलंय टेबलावर हिने?

कौनाक : मांसाचा नमुना, सूनबाई. रबराचा.

छोटी उविलू : हिला घरी कुणी जेवायला घालत नाही का?

लोरेन : काय म्हणाली?

कौनाक : म्हणाली, जेवून जा.