गावची बाई

भागीरथा: थांबव गाडी.

पियुष: काऊन? गाव तर अजून दूर हाये.

भागीरथा: थांबव म्हणलं ना. त्या पुलापाशी लाव.

पियुष: चक्कर येऊन राह्यली का? पाणी पाहिजे?

भागीरथा: पानी नाई पाहिजे. कॉलेजातून निघाल्यापासून तू एक शब्द बोलला नाई. आता बोल.

पियुष: का बोलू?

भागीरथा: आज वर्गात हजेरी घेताना सरनं तुले विचारलं, ह्या बाई तुझ्या कोण? दोघांचं आडनाव एकच दिसून राह्यलं म्हणून विचारलं त्याईनं. तू का सांगतलं?

पियुष: तू आयकलं?

भागीरथा: पहिल्या बाकावर बसली होती मी. भयरी नाई.

पियुष: अचानक विचारलं ना. निघून गेलं तोंडातून.

भागीरथा: का निघून गेलं? माह्यासमोर म्हन एक डाव.

पियुष: ...गावची बाई हाये म्हणलं.

भागीरथा: हं.

पियुष: मग का म्हणू, आई? पहिलाच दिवस. सर आत आले, तुले पाह्यलं अन् म्हणाले, पालकांनी बाहेर थांबावं. तर तू उभी राहून सांगते, "मी पालक नाही, सर. मी फर्स्ट इयरला आहे." अख्खा वर्ग हासला. तो विक्की तर बाकावर हात आपटून आपटून हासला!

भागीरथा: हासू दे. मानसानं नवं काही पाह्यलं का हासतेच. मी त्याईच्या जागी असती तं मीही हासली असती.

पियुष: तुले कसं काहीच वाटत नाई गे?

भागीरथा: वाटलं ना. कानं तापले माहे. सर बाहेर थांबा म्हणाले तवा अर्धी उठलीही होती मी. मंग म्हणलं, भागीरथे, आता उठून गेली तं या जन्मात पुन्हा बसाले भेटत नाई.

पियुष: मी का म्हणतो, बाहेरून परीक्षा दे. बारावी नाई दिली का तू सतरा नंबरचा फॉर्म भरून? घरी वाचलं अन् पास झाली. कॉलेजात यायची गरजच का हाये?

भागीरथा: घरी वाचलं म्हनूनच येते. चुलीपाशी पुस्तक धरून बसत होती मी. अडलं तं विचारू कोनाले? म्हशीले? तुहे बाबा म्हणे, मले तं सातवीच्या पुढचं काही समजत नाई बापा. तू तं पुस्तक पाहूनच पळे. आता मले अडलं तं हात वर कराचा हाये. कोनीतरी म्हनलं पाहिजे, हो, विचारा.

पियुष: त्याच्यासाठी चाळिशीत कॉलेज?

भागीरथा: दहावी झाली तवा माहा बाप मले धानोऱ्याहून गडचिरोलीले घेऊन गेला होता, कॉलेज दाखवाले. फाटकातूनच पाह्यलं. पोरी सायकली ढकलत आत जाऊन राह्यल्या होत्या. बाप म्हणाला, पुढच्या महिन्यात तूही जाशील. घरी वापस आलो तं ओसरीत पाहुने बसले होते, मले पाहाले. तुहे बाबा होते त्यात, नव्या टोपीत.

पियुष: हे तू कधी सांगतलं नाई.

भागीरथा: सांगून का होते? टोपी चांगली होती. मानूसही चांगला निंगाला. पन कॉलेज राह्यलं ना.

पियुष: बाबाही म्हणून राह्यले होते. रोवणा तोंडावर आला, धान लावाले बाया भेटत नाई, अन् हिले कॉलेज सुचून राह्यलं.

भागीरथा: त्याईले मी सांगतलं. उजाडल्याबरोबर शेताच्या बांधीत उतरते, दहा वाजेपर्यंत धानाचे परे लावते, मंग हातपाय धुवून कॉलेज. त्याईची गोष्ट नोको काढू. तुही गोष्ट सांग.

पियुष: मले लाज वाटते. बस. सांगतलं.

भागीरथा: वाटू दे. सकाळी तू मले पेट्रोल पंपापाशी उतरवलं, इथून पैदल ये म्हणलं. आली ना मी? वर्गात बेटा म्हणू नोको म्हणलं. म्हणलं का? डबा वेगळा खा म्हणलं, तं झाडाखाली एकटी बसून खाल्ला. हे सगळं मी आयकलं. पन कॉलेज सोड म्हणशील तं ते नाई आयकत.

पियुष: ठीक हाये. मग मीच सोडतो.

भागीरथा: का म्हणलं?

पियुष: उद्यापासून मी नाई येत. मामा बोलावूनच राह्यला बल्लारपूरले. कुठीतरी कामाले लावून देईन. तू शीक मग आरामात.

भागीरथा: पियुष, इकडं पाह्य.

पियुष: पाहून राह्यलो.

भागीरथा: तू झाला तवापासून मी का का सोडलं ते मी कधी मोजलं नाई. मोजतही नाई. सगळ्याच आया सोडते. पन हे मी सोडत नाई.

पियुष: मी नाई आलो तरी?

भागीरथा: तू नाई आला तरी. मले वाईट वाटन. बसमध्ये रडू येईन तं खिडकीकडे तोंड करून रडीन. पन जाईन.

पियुष: एवढी कशी गे तू कडक?

भागीरथा: चाल, गाडी सुरू कर. म्हशीचं दूध काढाचं हाये.

(दुसरा दिवस. कॉलेजचा वर्ग, सर यायच्या आधी.)

नूतन: काकू, इथी बसू का? मागं ते पोरं लय गडबड करते.

भागीरथा: बस ना, बाई. नाव का तुहं?

नूतन: नूतन. काल मी पण हासली होती, काकू. सॉरी हां.

भागीरथा: हासली तं हासली. सारखी आयुष्यभर थोडीच हासनार हायेस!

नूतन: खरं सांगू? होस्टेलवर गेल्यावर मले रडूच आलं. मी इथं कोणालेच ओळखत नाई. काल दिवसभर माहा आवाज निघाला तो फक्त हजेरीत, ‘प्रेझेंट सर’ म्हणण्यापुरता. तुम्ही तर सगळ्या वर्गासमोर बोलल्या.

भागीरथा: बाकाची कड घट्ट धरून बोलली मी. मागून कोनाले दिसते?

नूतन: तुमच्या कोपराले चिखल लागला हाये.

भागीरथा: अगे बाई. रोवून आली ना सकाळी. धुतला होता, तरी राह्यला.

नूतन: हे घ्या, रुमाल. अन् सारखं दाराकडे काऊन पाहून राह्यल्या? कोणी येणार हाये का?

भागीरथा: येईन तं येईन.

नूतन: काल तो तुमच्या गावचा पोरगा होता ना, निळ्या शर्टातला? आज दिसून नाई राह्यला.

भागीरथा: हो, गावचाच.

नूतन: कसा हाये तो?

भागीरथा: चांगला हाये. जरासा भेते.

नूतन: तो पाहा, आला. बापरे, घामानं ओला झाला. इकडंच येऊन राह्यला.

पियुष: जरा सरका.

नूतन: इथी? मागं जागा हाये ना, विक्कीजवळ.

पियुष: इथीच बसाचं हाये मले.

भागीरथा: बल्लारपूरले नाई गेला?

पियुष: गेलो होतो स्टँडवर. बॅग घेऊन बसमध्ये चढलोही.

भागीरथा: मंग?

पियुष: मंग का? मामा विचारन, काऊन आला? त्याले का सांगू? माही आई कॉलेजात जाते म्हणून मी नाई जात, असं सांगू? बसल्या बसल्या मनात म्हणून पाह्यलं. मलेच आयकवलं नाई. कंडक्टर तिकिटं काढत जवळ आला तसा उतरलो.

नूतन: एक मिनिट. कोणाची आई?

पियुष: माही. ह्या माह्या आई हाये.

नूतन: पण काल तर तू म्हणला...

पियुष: काल खोटं बोललो. विक्की, मागं आयकू आलं का? माही आई हाये ही. कोणाले हासाचं असन तर आत्ताच हासून घ्या.

नूतन: कोणी नाई हासत बाबा. ओरडू नोको.

पियुष: आई, आता बरोबर सांगतलं ना?

भागीरथा: खाली बस. सर आले.