आमच्या गल्लीची हलकी गाडी

माझं माहेर कणकवलीच्या पुढे, गावाचं नाव नको लिहू, तिथे आता आमचं कोणी उरलं नाही. लग्न होऊन करी रोडच्या चाळीत आले तेव्हा एका खोलीत सासू, दोन दीर, आम्ही दोघं आणि गावाहून आलेला कोणतरी पाहुणा, तो कायमचाच. माझं नाव शालिनी, पण चाळीत सगळे शालूमावशीच म्हणतात. आमचे हे मिलमध्ये, कापसाच्या गाठी फोडायच्या तिथे. घरी यायचे ते भुवयांवर कापूस घेऊन, सासू म्हणायची, इलो बघ माझो म्हातारो, आणि हसायची. संपापर्यंत हसायची.

संपाचं काय सांगू तुला बाय, मोर्चे नि भाषणं तुला बाकीच्यांनी सांगितली असतील. मी कचऱ्याचं सांगते. चाळीच्या मागे पालिकेची पेटी होती, ती कायम भरून वाहायची, माशांचे काटे, कांद्याच्या साली, पेपर, काय काय. संप लांबला तशी पेटी खाली खाली जायला लागली. आधी काटे गेले. मग भाजीची देठं गेली, कारण देठं पण शिजायला लागली. मग कागद गेला, लोक चिठोरा पण रद्दीत घालायला लागले. शेवटी पेटीत राहिले विंचरलेले केस आणि धूळ. मग एक दिवस बघितलं तर पेटीजवळची मांजरं नाहीत, सगळी उठून पलीकडच्या वाडीत गेली होती. मोर्च्यात लाठी चालली तेव्हा मी भ्यायले नव्हते, पण मांजरं गेली तेव्हा भ्यायले.

मग मी माटुंग्याला जायला लागले. तिथे पेट्या भरलेल्या असायच्या आणि मला ओळखणारं कोणी नव्हतं. पुठ्ठा, डबे, बाटल्या वेगळ्या करायच्या आणि भंगारवाल्याला द्यायच्या. घरी सांगितलं पापड लाटायला जाते. सासूला वासावरून कळलं. म्हणाली, ह्या हातान माझ्या भांड्याक शिवू नको गो. मी मोरीजवळ बसून जेवायला लागले. मिलमधला गाठी ओढायचा लोखंडी आकडा घरात होता, तो ह्यांनी घासूनपुसून माझ्या पिशवीत ठेवला, म्हणाले, हातानं उचलू नको, काच असते. एवढंच बोलले. संप संपला असं आम्हाला कोणी येऊन सांगितलंच नाही. मिल उघडली नाही, हे परत कामावर गेले नाहीत, पुढे काही वर्षांनी वारले, आणि मी तेच करत राहिले. मुलगा त्यावरच शिकला.

मग बऱ्याच वर्षांनी पालिकेचं कचऱ्याचं धोरण आलं. साहेब लोक चाळीत आले, गच्चीवर सभा घेतली, ओला वेगळा, सुका वेगळा, गल्लीचा कचरा गल्लीतच जिरवायचा. ओल्याचं चाळीमागे खत करायचं आणि सुक्यासाठी पुलाखाली शेड. शेडमध्ये बसणार कोण, तर जे आधीपासून हे काम करतात ते. आम्हा बायकांचा गट केला, हातमोजे दिले, गळ्यात कार्ड दिलं, पाण्याचा नळ दिला, नि सुका माल विकून येईल ते आमचं. तो साहेब सभेत म्हणाला, शालिनीताई या, पुढे बसा. मी मागे वळून बघितलं, कोणाला बोलावतायत. माझी मैत्रीण इंदू, शेजारच्या चाळीतली, तिचा नवरा पण मिलवालाच, ती मला ढोसत होती, अगं तूच ना ती, ऊठ.

चांगले दिवस होते ते, खोटं कशाला बोलू. नाक्यावरची पोरं चिडवायची, मावशी, माणसं पण वेगळी करता काय, कोण ओला कोण सुका. इंदू म्हणायची, तुझा बापूस संध्याकाळी ओला असतो बघ, त्याला आण पयला. खताचा वास येत नव्हता. चाळीतल्या बायका दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळवून द्यायच्या. आमच्या गल्लीतून पालिकेच्या गाडीत जायचा तो एवढासा कचरा, आणि त्याचाच आम्हाला अभिमान.

तिथेच चुकलं. म्हणजे चुकलं असं नाही, आम्हाला ठाऊक नव्हतं. गाडीचं कंत्राट बदललं होतं. आता कंत्राटदाराला वजनावर पैसे, कचरा जितका जड तेवढी त्याची कमाई. हे मला सांगितलं रघूनं. रघू त्या गाडीवरचा मुकादम, आमच्याच चाळीतला, तिसऱ्या माळ्यावरचा, लहानपणी माझ्याकडे जेवलेला. म्हणाला, मावशी, तुमच्या गल्लीची गाडी हलकी जाते, वर बोलणं होतंय. मी म्हटलं, मग बरंच आहे की. तो म्हणाला, बरं नाहीये मावशी. आणि गाडीवर चढून गेला.

मग कंत्राटदाराचा माणूस आला. ओरडला नाही, काही नाही. पांढरा शर्ट, आणि चपला बाहेर काढून आत आला, शेडमध्ये, कचऱ्याच्या. तिथे आजवर कोणी चपला काढल्या नव्हत्या. म्हणाला, किती स्वच्छ ठेवलंय मावशी. चहा पण प्याला. घरी कोण कोण असतं, सून कुठे कामाला, नातू कुठल्या शाळेत, शाळेतून एकटा येतो का. मी सगळं सांगितलं बाय. वाटलं कौतुकानं विचारतोय. तो गेल्यावर इंदू म्हणाली, शालू, त्यानं शेडचं काहीच नाही गं विचारलं.

त्यानंतर एक दिवस खताच्या खड्ड्यात कोणीतरी डेब्रिज ओतलं, विटा, लाद्यांचे तुकडे, खड्डा पार बुजला. मग नळाचं पाणी गेलं. वरळीला असंच एक शेड होतं, बायकांचंच, ते भरदुपारी जळलं, कोणी म्हणालं विडी पडली असेल. त्यातल्या एकीला मी ओळखते, ती विडी ओढत नाही, त्यांच्यातलं कोणीच ओढत नाही. आता ती कंत्राटदाराच्या गाडीवर लागलीय. मी विचारलं, गो, खरं काय झालं. ती म्हणाली, मावशी, गरम होत होतं, पेटलं. बस.

आणि मग सुया यायला लागल्या. इंजेक्शनच्या, वापरलेल्या, रक्त लागलेल्या. आमच्या गल्लीत दवाखाना नाही. पुठ्ठ्याच्या घड्यांमध्ये, पेपरच्या आत नीट सरकवलेल्या असायच्या. फेकलेली वस्तू आणि ठेवलेली वस्तू, फरक कळतो. आम्ही वॉर्ड ऑफिसला गेलो. पहिले साहेब बदलून गेले होते, नवीन साहेब म्हणाले, धोरण चालूच आहे, बंद कुठे झालंय, जपून काम करा. त्याच आठवड्यात इंदूच्या बोटात सुई गेली, हातमोज्यातून आत. हॉस्पिटलात रक्त घेतलं, म्हणाले अजून काही दिसत नाही, काही महिन्यांनी परत तपासू, तोवर गोळ्या. आता ती घरी असते. भाजी चिरत नाही, नातवाला भरवत नाही, स्वतःचं ताट नि पेला तिनं वेगळा करून खिडकीत ठेवलाय. सून म्हणते, आई, असं नसतं पसरत, डॉक्टर काय म्हणाले ऐकलं नाही का. ती ऐकत नाही.

हे सगळ्या चाळीला कळलं. मला वाटलं आता लोक उठतील, आपल्याबरोबर ऑफिसला येतील. संपात उठले होते. पण लोक म्हातारे झालेत, नाहीतर चाळ पाडून टॉवर कधी होतो त्याची वाट बघतायत. आणि त्यांनी काय केलं माहितीय का, मायेनंच केलं. शेजारची वहिनी सांगायला आली, मावशी, आम्ही ठरवलंय, आता कोणी वेगळं करायचं नाही, सगळं एकातच टाकायचं, मग तुम्हाला कोण त्रास देणार. मी म्हटलं, अगं, मग मी शेडमध्ये बसून काय करू. ती म्हणाली, तुम्ही आरामात बसा. आमच्या सुनेनं पण तेच केलं. मी बघत असताना तिनं वरणभात पेपरवर ओतला नि पेपर पिंपात टाकला, म्हणाली, आई, रागवा पाहिजे तर, पण पोरगा शाळेतून एकटा येतो. त्या माणसाला शाळा मीच सांगितलेली.

आज सकाळी शेड उघडलं. पिंपं आली ती सगळं एकातच भरलेली, जड, दोघींना उचलेनात. मी आकड्यानं तळापर्यंत ढवळून बघितलं, पेपर बघितले, घड्या उलगडल्या. एकही सुई नव्हती. सुई होती तोवर वाटायचं, आपण अजून कोणाच्या तरी आड येतोय.

तरी मी एक पिंप वेगळं केलं, पुठ्ठा पुसला, बाटल्या काढल्या, हात बसत नाहीत गप्प. गाडी आली. रघू उतरला, त्यानं ते वेगळं केलेलं उचललं आणि बाकीच्यांत ओतलं, माझ्याकडे न बघता. मग म्हणाला, मावशी, आज दुपारी इथे थांबू नका, घरी जा. मी विचारलं, का रे. तो म्हणाला, जा ना मावशी.

म्हणून तर तू आलीस तेव्हा घरी सापडले. रघूचा राग नाही मला, त्याची पण दोन पोरं आहेत, देव त्यांना बरं ठेवो. तुला पण बरं ठेवो. तू आता निघ, आणि शेडवरून, पुलाखालून जाऊ नको आज, वरच्या रस्त्यानं जा.