मुख्य लिपिक कामावर निघून गेल्याबाबत

मी खाली सही करणार, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा पूर्वी चष्म्याच्या काचा घासण्याचा, सध्या काही नाही, राहणार कालव्याकाठची वसाहत, तळमजला, डाव्या हाताचे दार, आज सकाळी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी आणि माझी पत्नी, वय चौऱ्याहत्तर, असे दोघेच राहतो. मुलगी परगावी असते. तिला अजून कळवलेले नाही. पत्नी नोंदणी कचेरीतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाली. अलीकडे तिला काही आठवत नाही. डॉक्टरांचे कागद सोबत जोडले आहेत.

कचेरीतले जुने संगणक मोडीत निघाले तेव्हा तिने स्वतःचा मागून घरी आणला होता. तो बरीच वर्षे माळ्यावर पडून होता. आजार वाढल्यावर ती रोज सकाळी पर्स काखेत घेऊन दाराशी उभी राहू लागली. "कुलूप काढा हो, मस्टर उचलतील," म्हणायची. म्हणून मी संगणक खाली काढून खिडकीशी मांडला. पडदा उजळला, कचेरीचे जुने चिन्ह आले, आणि तिने पर्स खुर्चीला अडकवली. तेव्हापासून ती अकरा ते पाच तिथे बसते. बाहेर जायचे नाव काढत नाही. मुलीने नवा संगणक पाठवला होता. "हा आमच्या खात्याचा नाही," म्हणून तिने त्यावर टॉवेल टाकला.

ती दिवसभर काय करते, असे जबाब लिहून घेणाऱ्या जमादारांनी विचारले. कचेरीत वर्षअखेरीला नस्त्या, म्हणजे कागदांच्या फायली, चाळायची पद्धत होती. जी नस्ती कशाची आहे ते कुणाला सांगता येत नाही, जिची चौकशी करायला कुणी येत नाही, ती काढून टाकायची. हे काम तिचे होते आणि त्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. तेच ती घरी करते. संगणकातल्या फायलींची नावे एकेक वाचते आणि ओळखीचे नसेल ते काढते. ज्यांच्या जोरावर संगणक सुरू होतो त्या फायलींची नावे म्हणजे नुसती अक्षरे आणि आकडे. ती ओळखीची वाटायचे कारण नाही. त्या गेल्या की दुसऱ्या दिवशी काळा पडदा, आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. मग पर्स, मग दार.

बाजारात जिन्याखाली दुकान असलेला मेकॅनिक, ज्याला सगळे स्क्रू म्हणतात, तो अशा वेळी घरी येतो आणि सीडी घालून गेलेल्या फायली परत बसवतो. दारातूनच विचारतो, "काय काका, काकूंनी पुन्हा झाडू मारला?" ती त्याला खात्याचा इंजिनिअर समजते. "आलात का? तुमच्याविना सगळी कचेरी ठप्प," असे म्हणून त्याला खुर्ची देते.

मध्यंतरी स्क्रूने मला सुचवले, "काका, कुलूप घालतो. काकूंनी कितीही झाडलं तरी काही जाणार नाही." मी हो म्हणालो. त्या दिवशी तिने पहिली फाइल काढायला घेतली तेव्हा परवानगी नाही, असा मजकूर पडद्यावर आला. तिने तो पुन्हा पुन्हा वाचला. मग मला म्हणाली, "माझी परवानगी कुणी काढली? माझं काय चुकलं, ते लेखी द्या." त्यानंतर पाच वाजेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसली. दुसऱ्या दिवशीही तशीच. तिसऱ्या दिवशी मी कुलूप काढायला लावले.

"का काढलंत?" असे जमादारांनी विचारले. उत्तर वर आले आहे.

काल सकाळी संगणक सुरू झाला नाही. स्क्रू आला, सीडी घातली, पण ती वाचली जाईना. तो म्हणाला, "आतली डिस्क काढून दुकानातल्या दुसऱ्या मशीनला जोडावी लागेल. तिथून फायली भरतो. अर्ध्या तासात उठवतो की नाही बघा." पत्नीला मी साहेब दौऱ्यावर आहेत, आज उशिरा उघडणार, असे सांगून जेवायला वाढले. तिला झोप लागल्यावर आम्ही दोघांनी संगणक उचलून दुकानात नेला. दाराला बाहेरून कडी घातली नाही. कडीला ती घाबरते.

दुकानात स्क्रूने फायली भरायला घेतल्या. नावे एकाखाली एक वर सरकू लागली. ते पाहताना मला आमचा चौथीचा वर्ग आठवला. गुरुजी अशीच एका सुरात हजेरी घ्यायचे, आणि हजेरी संपली की सगळ्यांनी मिळून कविता. खिडकीतून नदीचा एवढासा तुकडा दिसायचा. कवितेतली नदी तीच, असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते. मी ती कविता मनात म्हणू लागलो. एक झाली, मग दुसरी.

जमादार म्हणाले, "आजोबा, कविता राहू द्या. दुकानातून किती वाजता निघालात ते सांगा." ते मला सांगता येत नाही. उन्हे दुकानाच्या पायरीवरून उतरली होती. मशीन अजून उठले नव्हते. ते तिथेच ठेवून मी घरी आलो.

दार सताड उघडे होते. पर्स नव्हती. टेबलावर संगणकाच्या जागी धुळीचा चौकोन होता आणि त्यात तिचा चष्मा काढून ठेवलेला होता. त्याच्या काचा मी घासलेल्या आहेत. चष्म्याशिवाय तिला हातभरापलीकडचे सगळे धूसर दिसते. मोठ्या रस्त्याला सिग्नल नाही. पुढे मनात आले ते लिहिण्यासारखे नाही.

मी तिच्या जुन्या कचेरीच्या जागी गेलो. ती इमारत पाडून आता तिथे गाड्या ठेवायची बहुमजली जागा झाली आहे. तिथला वॉचमन म्हणाला, "आल्या होत्या ना आजी. नोंदणी विभाग तिसऱ्या मजल्यावर ना, म्हणून विचारलं. मला वाटलं, गाडी ठेवलीय. म्हटलं, तिसरा मजला फुल आहे." मग ती काय म्हणाली, असे मी विचारले. तो म्हणाला, "म्हणाल्या, साहेबांना सांगा, मी वेळेवर आले होते." कोणत्या बाजूला गेली ते त्याने पाहिले नाही. मागून हॉर्न वाजत होते. अंधार पडेपर्यंत मी तिथेच उभा होतो.

हा जबाब चालू असताना मला स्क्रूचा फोन आला. तो म्हणाला, "काका, उठलं बरं का मशीन! सगळ्या फायली जागच्या जागी. काकूंना म्हणावं, या आता ड्यूटीवर." मी बरे म्हणालो.

वर्णन: बांधा लहान, केस पूर्ण पांढरे, अंगात राखाडी स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट, पैकी डावा सैल. व्यवसायाच्या रकान्यात निवृत्त लिहिले आहे, ते कृपया मुख्य लिपिक असे करावे. कुणी विचारले तर ती तेच सांगेल. पत्ता विचारला तर कचेरीचा सांगेल. म्हणून जो कुणी भला माणूस तिला घरी पोचवायला निघेल, तो तिला त्या गाड्यांच्या जागीच नेईल. तिथे एक माणूस ठेवावा. नसेल तर मी उभा राहतो.

सापडल्यावर ती तुम्हाला ओळखेल का, असे जमादारांनी विचारले. यावर सांगतो की, नवरा म्हणून ओळखणार नाही. बरेच दिवस झाले, ते बंद आहे. परंतु मी रोज दुपारी तिच्या टेबलासमोर स्टुलावर जाऊन बसतो आणि लग्नाच्या नोंदीचा दाखला हवा आहे, असे म्हणतो. ती चष्म्यावरून बघते. "तुमचं नाव?" मी सांगतो. "बायकोचं?" तेही सांगतो. ती पुष्कळ वेळ संगणकात शोधते. मग म्हणते, "सापडत नाही हो. उद्या या." मी उद्या जातो. काल गेलो नाही.

तरी ती मिळाल्यास मला तिच्यासमोर उभे करावे. "हे रोज येतात, यांचं काम अजून व्हायचंय," असे ती म्हणाली, की ओळख पटली असे धरावे.

वरील मजकूर जमादारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी ऐकला. सांगितला तसाच उतरला आहे.

सही